उलटे हेडफोन

फौजी अप्पा हेडफोन आधी सुलटा घालत आणि मग उलटा. म्हणजे डाव्या कानाची वाटी उजव्या कानावर आणि उजव्याची डाव्यावर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, कळलं नसेल. मी काउंटरमागून अदबीने म्हटलं, "काका, उलटा घातलाय तुम्ही." त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली, डोळे मिटून आणखी अर्धा मिनिट ऐकलं, हेडफोन काढून काचेवर ठेवला आणि म्हणाले, "पोरी, सुलटा समदीच घालत्यात. उलटा घातल्याबिगर मशीन खरं बोलत न्हाई."

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात मी तेव्हा नोकरी करत होते. मोबाईल, स्पीकर, हेडफोन असं सगळं मिळायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली म्हणून मालकांनी मला हेडफोनच्या काउंटरवर बसवलं होतं. अप्पा कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होते, निवृत्त होऊन घरचा ऊस बघत होते. त्यांची लेक सुनंदा विश्रामबागेत राहायची आणि तिच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असायची. म्हणून अप्पा दर गुरुवारी सकाळच्या गाडीने कोरेगावहून यायचे. लेकीकडे जेवण एक वाजता, आणि गाडीतून उतरायचे अकराच्या आत. मधले दोन तास ते आमच्या काउंटरसमोरच्या स्टुलावर ताठ बसून हेडफोन ऐकत. विकत एकही घेत नसत. आधी मालकांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. पण दोन महिन्यांत गिऱ्हाइकंच विचारायला लागली, "ते मिशीवाले फौजी आज आहेत का?" मग मालक स्वतः चहा सांगू लागले.

अप्पांकडे एक छोटा रेकॉर्डर होता, लेकीने घेऊन दिलेला. त्यात त्यांनी सहा गोष्टी भरून ठेवल्या होत्या आणि कुठलाही हेडफोन आला की त्या ठरलेल्या क्रमाने वाजत. पहिला त्यांचा स्वतःचा आवाज, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." मग त्यांच्या मंडळाचं भजन, मग जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं एक नाट्यपद, मग जत्रेतली हलगी, मग लग्नाच्या बँडची क्लॅरनेट आणि शेवटी पुतण्याने दिलेलं डीजेचं एक गाणं. स्वतःचा आवाज पहिला का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "त्यो दोन्हीकडं सारखा भरलाय. म्हंजी बरोबर मधी आला पायजे. हितं." आणि त्यांनी नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. आवाज नाकाच्या शेंड्यावर आला की हेडफोन पास, मग पुढची गाणी. नाकावरून सरकला की पुढचं काही ऐकायचंच नाही.

त्यांच्यासारखे निकाल द्यायचा प्रयत्न मी आजही करते, फक्त त्यांच्याइतके मला जमत नाहीत. एका जाडजूड काळ्या हेडफोनवर भजन ऐकून म्हणाले होते, "ह्यात पखवाज घरात आलाय, पण टाळ दारातच चपला काढत बसलाय." दुसऱ्या एका नाजूक हेडफोनबद्दल, "बुवांना सर्दी झालीया ह्यात." कानात खुपसायच्या एका जोडीवर हलगी ऐकली आणि ती माझ्या हातात परत दिली. "भिजल्यागत वाजतीया. जरा शेकून आण." डीजेच्या गाण्यासाठी मात्र त्यांचा निकष एकच होता. "ह्ये ऐकायचं नसतंय, सोसायचं असतंय. ज्यात कमी सोसावं लागंल, त्यो चांगला."

पण म्हणून ते आपली आवड कुणावर लादायचे नाहीत. गाणं शिकणारी एक कॉलेजची मुलगी त्या काळ्या हेडफोनवर भाळली होती. अप्पांनी तिला विचारलं, "तुला तानपुरा ऐकायचाय का हादरा?" ती हसली आणि साधा, हलका हेडफोन घेऊन गेली. त्याच दिवशी जिमला जाणारा एक दांडगा तरुण आला. मी त्यालाही तो साधा हेडफोन दाखवायला लागले तर अप्पा मला बाजूला म्हणाले, "त्याला काळा दे गं. त्याला गाणं नको हाय, धक्का पायजे. धक्का मागणाऱ्याला धक्काच द्यावा." तो तरुण फार खूश होऊन गेला.

उलट्या-सुलट्याची सवय त्यांना फौजेत लागली होती. डोंगरावरच्या कुठल्याशा ठाण्यावर त्यांचा एक सोबती आठवडाभर तक्रार करत होता की वायरलेसचा आवाज एका बाजूने येत नाही. दोन वेळा नवा सेट मागवला. दोन्ही सेट माणसांनी पाठीवर वाहून वर चढवले. तरी तक्रार तीच. शेवटी अप्पांनी त्याच्या डोक्यावरचे हेडफोन काढले, उलटे घातले आणि विचारलं, "आता कुठली बाजू?" तो म्हणाला, तीच. हेडफोन बिघडला असता तर बाजू बदलली असती. दोष त्याच्या कानात होता. "दोन सेट वाहून आणले गड्यांनी, आन बिघाड ह्याच्या डोक्यात. तवापास्नं ठरवलं, कायबी कमी ऐकाया आलं तर पैलं ह्ये बघायचं, मशीन बिघडलंय का मी."

मी त्यांच्या अगदी उलट. मी मुळातच घाबरट. घरातून निघताना गॅस बंद आहे का हे मी तीनदा बघते आणि रस्त्यावरून एकदा परत येते. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला मला बघवत नाही, त्यामुळे कुणी "चांगला आहे ना हा?" असं विचारलं की माझ्या तोंडून "हो, छान आहे" निघूनच जातं. अप्पांनी हे पहिल्याच महिन्यात ओळखलं. एक बाई डब्यासारखा वाजणारा हेडफोन माझ्या शब्दावर घेऊन गेल्या, तेव्हा ते स्टुलावरून म्हणाले, "तू तोंड बघून बोलतीस. रिपोर्ट जसा हाय तसा द्यायचा. तोंड बघून दिला तर त्यो रिपोर्ट न्हाई, पाहुणचार झाला." मी लाजले. सुधारले मात्र नाही.

त्यांच्या कानाचं खरं काम आमच्या दुकानात नव्हतं, गावात होतं. ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्याने तो घुमतो. कणीक कमी पडली तर आवाज पोकळ येतो, जास्त झाली तर दबतो. किती थापायची हे मोजून होत नाही, ते वाजवणाऱ्याच्या डाव्या कानाने ठरतं. पंचक्रोशीतल्या मंडळांचे लोक सप्ताहाच्या आधी आपापले पखवाज घेऊन अप्पांकडे यायचे. भजनाचं रेकॉर्डिंग करताना ते रेकॉर्डर स्वतःच्या डोक्यामागे खुंटीला टांगत, म्हणजे त्यांना जसं ऐकू येतं तसंच भरलं जाईल. डावी थाप डावीकडे, उजवी उजवीकडे. "मी मेल्यावर बी कुणी ऐकलं तर त्याला कळंल, अप्पा कुठं बसला व्हता," असं ते मजेत म्हणायचे.

जानेवारीतला गुरुवार होता. नवा माल आला होता आणि त्यातला एक हेडफोन मला स्वतःला फार आवडला होता. मी तो अप्पांसाठी बाजूला काढून ठेवला होता. अप्पा आले, मफलर सोडली, रेकॉर्डर जोडला. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." त्यांनी बटण दाबून परत सुरुवातीपासून लावलं. मग म्हणाले, "डावी बाजू बसलीया गं. माझा आवाज नाकावरनं उजवीकडं सरकलाय."

मी दुसरा नग काढून दिला. तोही तसाच. मग तिसरा, मग महिन्याभरापूर्वी त्यांनीच पास केलेला जुना. अप्पांनी तो सुलटा घातला, काढला, उलटा घातला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी परत सुलटा घातला, परत उलटा. बाजू बदलत नव्हती. ते पहिला हेडफोन हातात घेऊन आत आवाज शोधल्यासारखं बघत राहिले, म्हणून मी तो त्यांच्याकडून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. अप्पांचा आवाज बरोबर माझ्या नाकाच्या शेंड्यावर आला. मी उलटा घातला. तरी तिथेच.

"काय म्हणतंय?" अप्पांनी विचारलं. ही अशी भीती मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिली नव्हती. रस्त्यात हात सुटलेलं मूल बघतं तसं ते माझ्याकडे बघत होते. "ह्या मालातच गडबड हाय का?"

आणि मी म्हणाले, "हो अप्पा. या लॉटच्या तक्रारी आल्यात."

"जुन्यात बी तसंच वाटलं मला."

"तुमच्या रेकॉर्डरची पिन सैल झाली असेल. थंडीने होतं."

थंडीने पिन सैल होते हे मी कुठल्या डिप्लोमात शिकले होते देव जाणे. अप्पांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, मग त्यांचे खांदे खाली आले. "तेच म्हणतो मी. सकाळपास्नं कानाला दडा बसल्यागत बी झालंय. थंडी लय हाय औंदा." चहा आला. त्यांनी तो नेहमीसारखा बशीत ओतून प्यायला. जाताना म्हणाले, "पुढलं दोन गुरुवार न्हाई जमायचं. टोळी आलीया ऊसतोडीला." मी हसून हात केला.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. वरवर काही झालंच नव्हतं. मी रोज दुकान उघडत होते, माल विकत होते आणि दिवसातून दहा वेळा स्वतःला समजावत होते की सर्दीनेही कान बसतो, आठवड्याने सुटतो. आईने विचारलं, काय झालंय, जेवत का नाहीस, तर मी म्हटलं, पित्त झालंय. म्हणजे तिलाही पाहुणचारच. सहाव्या दिवशी मी अप्पांना फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. "कान कसा आहे?" असं विचारायचं म्हणून फोन केला होता आणि मी विचारलं, "तोड कशी चाललीय?" अप्पा म्हणाले, "झोकात. त्या खराब मालाचं काय झालं? परत धाडला का?" मी म्हणाले, "धाडला." तो हेडफोन माझ्या समोर काउंटरवर होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी कानाचे एक डॉक्टर दुकानात आले. ते आमचे जुने गिऱ्हाईक, मोबाईलवर व्याख्यानं ऐकण्यासाठी त्यांना हेडफोन हवा होता. मी पेटी बांधता बांधता, जणू सहजच, विचारलं, "डॉक्टर, एखाद्याला एका दिवसात एकाच कानाने कमी ऐकू यायला लागलं तर?"

ते पिशवीला हात घालता घालता थांबले. "अचानक? मग त्याने त्याच दिवशी यायला हवं. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची आशा असते. दिवस जातील तशी ती कमी होत जाते. लोक दडा बसला म्हणून तेल घालत बसतात." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कुणाला झालंय? किती दिवस झाले?"

मी बोटांवर मोजलं. अठरा. डॉक्टर म्हणाले, "उद्या घेऊन या."

मी तिथूनच अप्पांना फोन लावला. लागला नाही. सुनंदाताईंचा नंबर माझ्याकडे नव्हता, घरही पाहिलेलं नव्हतं. अप्पांचा फोन रात्रभर बंद होता. ऊस तुटत असताना ते फोन घरी टाकून फडात जायचे आणि तो चार्ज करायचा राहून जायचा, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळची गाडी पकडली. पिशवीत तो हेडफोन घेतला होता. कोरेगावपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. "अप्पा, एक गोष्ट सांगायची राहिली." "अप्पा, रागावू नका." प्रत्येक वाक्यात मी स्वतःला थोडं सोडवून घेत होते. कोरेगावहून वडापची जीप मिळाली, ती भरेपर्यंत सुटेना. मागच्या बाकावर मी जीव मुठीत धरून बसले होते आणि शेजारची बाई मला विचारत होती, "कुणाच्यात कोण आजारी हाय का?"

अप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. मांडीवर पखवाज, शेजारी परातीत कणीक. मला बघून त्यांना आनंद झाला, "आगं, तू हिकडं कशी?" पण मी उत्तर द्यायच्या आधी माझी नजर पखवाजाकडे गेली. डाव्या तोंडावर कणकेचा हा एवढा जाड थर होता, भाकरी थापल्यासारखा. आतून काकी, अप्पांच्या पत्नी, पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघ की गं पोरी, निम्मी परात कणीक त्या पखवाजाला चाललीया. मंडळातली माणसं बी म्हणाया लागली, अप्पा, आवाज दबतोय. तर ह्यांना म्हणं घुमाराच येत न्हाई."

मला जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी पिशवीतून हेडफोन काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. "अप्पा, हा त्या दिवशीचा. हा चांगला आहे. त्या दिवशीही चांगलाच होता. मी स्वतः ऐकला होता, उलटा पण घालून बघितला होता. मालात काही गडबड नव्हती. मी खोटं सांगितलं."

काकी तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. बोटांना लागलेली कणीक अप्पांनी एका एका बोटावरून सावकाश काढली आणि परातीच्या कडेला लावली.

"तुला त्याच दिशी ठाव व्हतं?"

"हो. तुमच्यासमोरच."

"किती दिस झालं?"

"एकोणीस."

"एकोणीस," ते म्हणाले. मग त्यांनी पखवाज मांडीवरून खाली ठेवला. मला वाटलं आता ते मला बोल लावतील, आणि मला ते हवंही होतं. पण ते म्हणाले, "तू माझं तोंड बघून बोललीस. आन मी तुझं तोंड बघून ऐकलं. बाजू बदलत न्हाई ह्ये मला दिसत व्हतं की. पण मालच खराब निघावा आसं वाटत व्हतं." ते उठले, खुंटीवरची टोपी घातली. "सांगलीला परतीची गाडी किती वाजता हाय?"

डॉक्टरांनी एका बंद खोलीत त्यांना बसवून कान तपासला. कागदावर दोन रेघा आल्या, उजव्या कानाची वर आणि डाव्याची कागदाच्या तळाशी गेलेली. गोळ्या झाल्या, कानात सुया झाल्या. महिनाभर अप्पा लेकीकडे राहिले आणि मी रोज दुकान सुटल्यावर जात होते. "आधी आला असता तर" एवढं अर्धं वाक्य डॉक्टर एकदा बोलले आणि सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं. अप्पांनी त्यांना काय सांगितलं होतं मला ठाऊक नाही, त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्याने परत तपासणी झाली. रेघ जिथे होती तिथेच होती. अप्पांनी तो कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो रिपोर्ट. तोंड बघून दिल्याला न्हाई."

त्यानंतर ते दुकानात एकदाच आले. स्टुलावर बसले नाहीत. त्यांनी तो जानेवारीतला हेडफोन मागितला. "ह्यो मला पायजे. चांगला हाय म्हणतीस न्हवं?" मी म्हटलं, चांगला आहे. मग त्यांनी मला बजावलं, "आजपास्नं माझं नाव सांगून कुणाला काय इकू नगो. माझा एक कान ऱ्हायलाय. भजन कसं वाजतंय ह्ये मी आता सांगू नये." पुढे विचारायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी सांगायचे, फौजी आता येणार नाहीत. का, असं कुणी विचारलं तर मी सामान लावायला आत जायचे.

पखवाज त्यांनी सोडला नाही. कणीक किती झाली हे आता टाळवाला शंकर मान हलवून सांगायचा आणि अप्पा त्याच्याकडे बघून थापायचे. आणि दर गुरुवारी अकरा वाजता मी त्यांना फोन करायचे. पहिल्या गुरुवारी मीच घाबरत केला होता, पुढे ती रीत झाली. अप्पा वायरलेसवर बोलल्यासारखे सांगत, "उजवा ओके. डावा न्हाई. ओव्हर." मग ऊस, पाऊस, सुनंदाची मुलं. मी कधी धीर करून विचारायचे, "अप्पा, फार त्रास होतो का हो?" ते म्हणायचे, "छ्या. सवय झाली. मी आता इचार बी करत न्हाई. तू बी करू नगो." ते इतक्या सहज म्हणायचे की हळूहळू मीही तो विचार कमी करायला शिकले. चार वर्षांत मी बरीच शिकले. स्वतःचं छोटं दुकान टाकलं. एक बाजू कमी येते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी हेडफोन उलटा घालायला लावते आणि बाजू बदलली नाही तर घाबरत का होईना, पण स्पष्ट सांगते, "हेडफोन चांगला आहे. आजच कान दाखवा." काही लोक रागावून निघून जातात. ते डॉक्टरकडे गेले की नाही याची काळजी मग मला आठवडाभर पुरते.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका गुरुवारी अकराला मी फोन लावला, तो काकींनी उचलला. म्हणाल्या, "आता त्ये न्हाईत गं. मंगळवारी गेले. जेवून पडले व्हते, ते उठलेच न्हाईत."

मी दहाव्याला गेले. सोप्यात पखवाज गवसणी घालून ठेवला होता. सगळे पांगल्यावर काकींनी आतून तो हेडफोन आणि रेकॉर्डर आणून माझ्या मांडीवर ठेवला. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मला ह्याचं काय कळतंय? आन मला बघवत न्हाई त्ये."

"अप्पा वापरायचे का हा?" मी विचारलं. मला वाटलं होतं, कुठेतरी पडून असेल.

"वापरायचे म्हंजी? रोज सकाळी. च्याच्या आधी, हितंच बसून. एकदा सुलटा, एकदा उलटा. मी चुलीम्होरनं इचारायची, आलं का काय? तर न्हाई म्हणून मान हलवायचे आन ठिवून द्यायचे. मंगळवारी बी केलं सकाळी."

"पण मला तर म्हणायचे, विचारही करत नाही."

"तुला तसंच सांगायचे," काकी म्हणाल्या. "फोन ठिवला की म्हणायचे, पोरगी घाबरट हाय. तिला कशाला जिवाला घोर."

मी तो हेडफोन हातात उलटसुलट करून बघितला. आत डाव्या-उजव्याची अक्षरं पुसून गेली होती. रिपोर्ट जसा आहे तसा द्यायचा असं मला शिकवणाऱ्या माणसाने चार वर्षं, दर गुरुवारी अकरा वाजता, माझा पाहुणचार केला होता. आणि तो मला कळला नाही, कारण मला तो हवाच होता.

मग मी तिथेच बसून रेकॉर्डर जोडला. हेडफोन आधी सुलटा घातला, मग उलटा. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." अप्पांचा आवाज दोन्ही वेळा बरोबर माझ्या नाकाच्या शेंड्यावर आला.